दोन मजल्यांचे पैसे, चार मजल्यांचा पाया

गौतमी ओव्हाळ पौडची. वडील दामू गवंडीकाम करायचे. बावधनला सोसायट्या उठायला लागल्या तेव्हा ते सकाळच्या एसटीनं तिकडे जायचे आणि शाळेला सुट्टी असली की गौतमी त्यांच्याबरोबर निघायची. तिथं उन्हात नकाशा उलगडून उभी असलेली माणसं तिनं पाहिली आणि आपणही हेच काम करायचं, असं कुणाला न सांगता ठरवून टाकलं. आधी डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री आणि शेवटी मालेजवळच्या माळावर सुरू झालेल्या सरकारी संशोधन विद्यापीठात कनिष्ठ अभियंत्याची जागा.

विद्यापीठ सुरू झालं होतं, पण इमारती नव्हत्या. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे. मुळशीचा पाऊस जोरात लागला की पत्र्याच्या आवाजात शिकवणाऱ्याचं बोलणं पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे. विद्यार्थी मात्र दरवर्षी वाढत होते. आराखड्यात सगळं होतं: चार मजली विज्ञान भवन, मुलींचं वसतिगृह, ग्रंथालय. पाहुणे आले की तो भिंतीवरचा रंगीत आराखडा त्यांना दाखवायचा, हेही गौतमीचंच काम.

मग एका वर्षी बांधकामाचं अनुदान मंजूर झालं, पण मागितलेल्याच्या निम्मं. बाकीचं पुढच्या टप्प्यात मिळणार होतं. तो टप्पा कधी येणार, याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. शिवाय मार्चअखेर काम सुरू झालं नाही, तर आलेला निधीही परत जाणार होता.

कुलसचिवांनी तिला बोलावलं. “मार्ग दोनच आहेत. विज्ञान भवन कायमचं दोन मजल्यांचं करायचं, पाया तेवढ्यापुरता घ्यायचा आणि वाचलेल्या पैशांत वसतिगृहाचा तळमजला उठवायचा. नाहीतर पाया चार मजल्यांचा घ्यायचा, आत्ता दोन चढवायचे आणि वसतिगृह थांबवायचं. समितीपुढं तुमची शिफारस जाईल. विचार करून लिहा.”

घरी जेवताना तिनं वडिलांपुढं विषय काढला. दामूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“वरच्या मजल्यांचं पैसं यायचं, ह्ये खरं हाय का?” त्यांनी विचारलं.

“कुणी सांगावं, दादा. पण पाया हलका घेतला तर पैसे येऊनसुद्धा वर काही चढवता यायचं न्हाई. दुसरी इमारतच बांधावी लागंल, आन् उताराची जागा, तेवढी सपाटी कुटं हाय?”

“आन् तवर पोरी कुटं ऱ्हात्यात?”

गौतमी ताटं उचलायला उठली. दामूंनी पुन्हा विचारलं नाही.

मुली लांब राहायच्या. मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करणारी समीक्षा त्यांतलीच एक. तिला आसपास खोली मिळाली नव्हती, म्हणून ती मारुंजीत तिघींबरोबर भाड्यानं राहायची. कधी मैत्रिणीच्या गाडीवर, कधी वडापच्या जीपनं, वाहनं बदलत यायची. तिच्या प्रयोगाच्या नोंदी संध्याकाळी घ्याव्या लागत आणि नेमकी तेव्हाच परतीची शेवटची गाडी निघून जाई. गौतमी दिसली की ती विचारायची, “मॅडम, हॉस्टेल यंदा होणार ना?”

गौतमीनं चार मजल्यांच्या पायाची शिफारस केली. समितीनं ती फारशी चर्चा न करता मान्य केली. कातळ लागेपर्यंत खोदाई झाली, लोखंड बांधलं गेलं, काँक्रीट पडलं. कामाकडे बघून तिला समाधान वाटायचं. समीक्षा समोरून येताना दिसली, की ते ओसरायचं.

पहिला स्लॅब टाकला गेला त्या सुमारास समीक्षा तिला शोधत साइटवर आली.

“मॅडम, मी सोडतेय. पुण्यात दुसरीकडे प्रवेश मिळालाय. विषय बदलावा लागेल, पण राहायची सोय आहे.”

“ती शिफारस मी केली होती, समीक्षा.”

“माहीत आहे. चुकीची होती का?”

“इमारतीच्या दृष्टीनं बरोबर होती.”

समीक्षानं मान हलवली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि गौतमीला तेच जास्त लागलं. जाताना तिनं आपल्या मातीच्या नमुन्यांची जमीन कुठली ते दाखवलं आणि तिथं राडारोडा टाकू नका, एवढंच सांगितलं.

त्या आठवड्यात गौतमी माले गावातल्या हैबतरावांकडे गेली. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते रस्त्याकडेला खोल्या बांधत होते.

“पाव्हणे दोन दिसाचे, काका. पोरी बारा म्हैने ऱ्हातील,” ती म्हणाली.

“पोरींची जबाबदारी लई असती,” हैबतराव म्हणाले.

“ती विद्यापीठाची. बाई नेमू आमी, रातीला राखणीला मानूस ठेवू.”

ते तयार झाले, पण विद्यापीठ अडलं. बांधकामाच्या निधीतून भाडं देता येत नाही, असं लेखा विभागानं कळवलं. गौतमीनं विद्यार्थी कल्याणाच्या निधीतून मागणी घातली. फाइल परत आली, तिनं पुन्हा पाठवली. ज्या टेबलावर फाइल अडायची तिथं ती स्वतः जाऊन बसायची. एका कारकुनानं वैतागून विचारलं, “हे तुमच्या कामात येतं का हो?” ती म्हणाली, “नाही येत,” आणि बसून राहिली. पावसाळा संपता संपता मुली हैबतरावांच्या खोल्यांत राहायला आल्या. तोवर समीक्षाला जाऊन बरेच महिने झाले होते.

पुढच्या टप्प्याचं अनुदान तीन वर्षांनी आलं. विज्ञान भवनाचे वरचे दोन मजले चढले, पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळा तिकडे हलल्या. नंतरचा प्रस्ताव करताना गौतमीनं कामांच्या यादीत वसतिगृह सगळ्यात वर घातलं. समितीतल्या एका प्राध्यापकांनी ग्रंथालय आधी का नाही, असं विचारलं. “मुली टिकल्या तर ग्रंथालयात कुणीतरी बसेल, सर,” ती म्हणाली. दोन बैठका वाद चालला आणि वसतिगृह वरच राहिलं.

या वेळीही पैसे निम्मेच आले. तळमजला पूर्ण झाला, खोल्या लगेच भरल्या. मुलींची संख्या वाढल्यामुळे हैबतरावांचं भाडं अजून चालू आहे. गौतमी आता उपअभियंता झाली आहे. वसतिगृहाच्या वरच्या मजल्याला अजून मंजुरी आलेली नाही, आणि ती दर महिन्याला मंत्रालयात फोन करून विचारते.