सेमकाका

सेमकाका डोळे मिटून माणूस तपासायचे. डुबकीचं जाकीट चढवून तुम्ही उभे राहिलात की ते समोर यायचे, डोळे मिटायचे आणि अंगावरचं साहित्य नुसत्या हातांनी चाचपायचे. वजनाच्या पट्ट्याचं बक्कल, हवेचा मीटर, आणि शेवटी छातीच्या मधोमध अडकवलेली पिवळी जादा नळी. ही नळी आपल्यासाठी नसते. सोबत्याची हवा बंद पडली तर त्याच्यासाठी असते. ती सगळ्यांसारखी त्याच जागी हाताला लागली की डोळे उघडून म्हणायचे, "सेम. जा आता."

भिवपुरीच्या वीजकेंद्रात ते फिटर होते. पाण्याखालच्या जाळ्या साफ करायला येणाऱ्या पाणबुड्यांच्या मागे लागून ही विद्या शिकले. निवृत्त झाल्यावर कळंबच्या एका रिसॉर्टच्या तलावात हौशी लोकांना शिकवू लागले. मी साजगावच्या कारखान्यात सुपरवायझर. दर रविवारी मोटरसायकल काढून त्यांच्याकडे जायचो. मालवणच्या समुद्रात उतरायचं, एवढं एकच वेड होतं.

चांगली सिलिंडरं शिकणाऱ्यांना, आणि सगळ्यात जुनं, रंग उडालेलं स्वतःला, हा त्यांचा नेम. कुणी बोललंच तर हसायचे. "मी बी जुनाच हाय की रं."

आमचा वाद एकाच गोष्टीवरून. मी डावखुरा. ती पिवळी नळी मला छातीवर नडायची. मी ती डाव्या खिशात खोचायचो. काका प्रत्येक वेळी ती बाहेर काढून मधोमध लावायचे.

एकदा मी चिडलो. "काका, साहित्य माझं, पैसे माझे. मला सोयीचं तसं लावू द्या ना!"

"तुजी सोय वर, काठावर. खाली गेल्यावर तुजी हवा निम्मी माजी असती. माजा हात जिथं जाईल तिथं ती पायजे. तुला कुठं बरी वाटती, ते माज्या हाताला कसं कळंल?"

मला ते पटलं नाही. वयस्कर माणसाचा हट्ट, असं वाटलं.

मालवणआधी सराव म्हणून आम्ही दोघं खालापूरकडच्या एका बंद दगडखाणीत उतरलो. पाणी खोल आणि गढूळ, हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. काठावर काकांनी डोळे मिटून मला तपासलं. "सेम," म्हणाले आणि वळून पाण्याकडे निघाले. त्यांची पाठ वळताच मी नळी काढून खिशात खोचली आणि चेन लावली.

तळाशी काकांची हवा थांबली. जुन्या सिलिंडरमधल्या गंजानं त्याच्याच तोंडाजवळची जाळी तुंबली होती, हे नंतर कळलं. गढुळातून त्यांचा हात आला आणि बरोबर माझ्या छातीच्या मधोमध टेकला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. मला समजलं तेव्हा मी खिशाकडे झेपावलो, पण हातमोज्यातल्या बोटांना चेन सापडेना. नळी बाहेर आली तोवर काका वर निघाले होते.

मी त्यांना काठावर ओढलं तेव्हा ते शुद्धीत नव्हते. जीव वाचला, पण तेवढ्या खोलातून झपाट्यानं वर आल्यानं फुप्फुसं गेली. त्यानंतर आठ महिने ते घरात नाकाला ऑक्सिजन लावून बसून होते. जो येई त्याला सांगत, "सिलिंडर माजंच जुनं. चूक माजी." मी समोर बसलेला असायचो. दर रविवारी जायचो, आज सांगायचंच असं ठरवून जायचो, आणि चहा पिऊन परत यायचो. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. नोकरीचं विचारायचे, माझ्या आईचं विचारायचे.

भाद्रपदात ते गेले. तेराव्यानंतर मी काकूंसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. छातीवर आलेला हात, खिसा, चेन. बोलताना मान वर करता आली नाही.

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात शुद्धीवर आले तवाच बोलले होते."

"मग तुम्ही मला कधी काहीच कसं बोलला नाहीत?"

"त्यांनीच बजावलं होतं. म्हनले, त्याला कळू देऊ नको मला ठाव हाय म्हणून. पोरगा चांगला पवतो, भिऊन पाणी सोडून देईल."

काकूंनी विचारलं, "जातोस ना रं अजून?"

"जातो," मी म्हणालो.

काकांची हवा थांबली त्या दिवसानंतर खाणीत नाही, तलावात नाही, समुद्रात नाही, मी कुठल्याच पाण्यात उतरलेलो नाही. काकूंना अजून हे ठाऊक नाही.