नवऱ्याची खुराकी

दुर्गाबाई टोकेकरांच्या बाजूने निकाल लागला त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत निकालाखेरीज त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. निकाल मात्र सुरेख होता. वर दरबारचा शिक्का, खाली न्यायाधीशांची झोकदार सही, आणि मधे असा मजकूर की लक्ष्मीकांत टोकेकर याने टाकलेल्या बायकोला अन्नवस्त्रापोटी दरमहा आठ रुपये तहहयात द्यावेत. तहहयात हा शब्द वकील बळवंतरावांनी दोनदा वाचून दाखवला होता. त्याचा अर्थ मरेपर्यंत असा आहे हे कळल्यावर, आपण बरीच वर्षं जगावं असं दुर्गाबाईंना प्रथमच वाटलं.

लक्ष्मीकांतभट म्हणजे शहरातल्या लष्कर भागातल्या पन्नासेक घरांचे उपाध्याय. मूल होत नाही म्हणून त्यांनी दुर्गाबाईंना माहेरी पोचवलं आणि दुसरी केली. तिलाही मूल झालं नाही तेव्हा मात्र त्यांनी ती देवाची इच्छा मानली. माहेरचा भाऊ वारल्यावर दुर्गाबाई इंदरगंजात इंदुताईंकडे स्वयंपाकाला राहिल्या. दोन वेळचं जेवण, जिन्याखालची खोली आणि महिना पाच रुपये. यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावाही त्याच वाटेला लागला होता. चूल दिसते आहे तोवर खोली आपली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यापुढे ते आठ रुपये आले तर आले.

आधी जप्ती करून झाली. कोर्टाची माणसं भटजींच्या घरी गेली. घर निघालं थोरल्या भावाचं, गाय वहिनीची, भांडीकुंडी दुसरीच्या माहेरची. पलंग कुणा यजमानाने ठेवायला दिला होता म्हणे. दक्षिणा जप्त करावी, तर ती भटजींच्या हातात पडेपर्यंत यजमानाची, आणि पडल्यावर कुठे जाते हे कुठल्याच शास्त्रात दिलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या दोनच वस्तू सापडल्या, पळी आणि पंचपात्र. त्याही धंद्याची अवजारं म्हणून कायद्याने सुटल्या. भटजींनी शिपायांना पेढे दिले. ते कुणाच्या मालकीचे होते, हे कुणी विचारलं नाही.

"आता एकच राहिलं," बळवंतराव म्हणाले. "माणूसच धरायचा. दिवाणी कैद."

"नवऱ्याला तुरुंगात घातलं म्हणतील हो मला."

"दोन दिवस राहणार नाही तो. भिक्षुक माणूस, अब्रूला भितो. तिसऱ्या दिवशी भाऊ येतो की नाही बघा पैसे घेऊन."

"तुम्ही त्यांना ओळखत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. पण त्यांनी अंगठा उठवला.

अर्ज मंजूर झाला. कोर्टाच्या नाजिराने वही उघडली आणि अदबीने म्हटलं, "खुराकी जमा कीजिए, बाईजी."

"कुणाची?"

"कैदी की. दिवाणी कैदी सरकार का मेहमान थोडे ही है! जो पकडवाए, वही खिलाए. चार आने रोज, महीना पेशगी."

आपलं हिंदी कुठेतरी कमी पडतंय असं दुर्गाबाईंना वाटलं. त्यांनी बळवंतरावांकडे पाहिलं. बळवंतराव छताकडे पाहत होते. एवढं एक कलम त्यांच्याकडून सांगायचं राहून गेलं होतं.

"अहो, मला खायला घालत नाहीत म्हणून तर पकडवलं मी त्यांना!"

"जी हाँ," नाजिर समजुतीने म्हणाला, "तो अब आप खिलाइए."

महिन्याचे साडेसात रुपये होत होते. पगार पाच. ही अडचण सोडवली ती खुद्द भटजींनी. धरून आणल्याबरोबर त्यांनी अर्ज दिला की आपण सोवळ्यातले, कुणाही परक्याच्या हातचं खात नाही, सबब ब्राह्मणाने घरी रांधलेलं अन्न मिळावं. नाजिराने तो अर्ज वाचला, मग दुर्गाबाईंकडे पाहिलं, आणि त्याला तोड सुचली. बाई ब्राह्मण, बाई स्वयंपाकीण, बाईजवळ पैसे नाहीत. न्यायाधीशांनाही ते पटलं. खुराकीऐवजी वादीने रोज बाराच्या आत डबा पोचवावा. ज्या दिवशी खुराकी मिळणार नाही त्या दिवशी कैदी सुटेल, असा हुकूम झाला.

अशा रीतीने नऊ वर्षांनी दुर्गाबाई पुन्हा नवऱ्यासाठी रांधू लागल्या. इंदुताई मनाने चांगल्या, त्यांनी चुलीचं लाकूड फुकट दिलं. तांदूळ-डाळीचे तेवढे पगारातून कापले. भर उन्हात डबा घेऊन दुर्गाबाई तुरुंगाच्या दाराशी यायच्या. पहारेकरी रोज विचारायचा, "किसका खाना?" आणि त्या रोज पदर सावरून सांगायच्या, "टोकेकरांचं." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नेम त्यांनी मोडला नव्हता.

पहिल्या दिवशी भटजी गजांपलीकडे मांडी घालून जेवले.

"आमटीत गूळ जास्त पडलाय."

"सवय गेली."

"असू दे. तिला तर आमटी येतच नाही. तुझा हात आधीपासून चांगला."

"पैसे कधी देताय?"

"कुठून देऊ? मी इथे बसलोय, तिकडे माझी श्राद्धं दुसरे भट उरकताहेत. सोडवशील तर मिळवीन. मिळवीन तर देईन."

"चार वर्षं मोकळेच तर होतात!"

"तेव्हा तुझ्या मागण्यात जोर नव्हता," भटजी म्हणाले. "ताक आणलंयस का?"

तिसऱ्या दिवशी भाऊ आला नाही. दहाव्या दिवशीही नाही. भटजींनी तुरुंगाच्या कारकुनाला मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढून दिला, पहारेकऱ्याला शनीची शांत सांगितली, आणि दोन वेळा झोप काढून ते थोडे भरलेदेखील. वाळत होत्या त्या दुर्गाबाई. पहाटे एक स्वयंपाक, मग दुसरा, मग ती पायपीट. "अजून थोडं ताणा," बळवंतराव रोज म्हणत. "मोडतोच आता."

सतराव्या दिवशी भटजींच्या दाताखाली खडा आला.

तसे खडे आधीही आले असतील. त्या दिवशीचा मात्र त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला, डबा बाजूला सारला आणि जेवायचं नाकारलं. संध्याकाळी अर्ज तयार होता: वादीने पाठवलेलं अन्न खाण्याजोगं नव्हतं, कैदी उपाशी राहिला, म्हणजे आज खुराकी मिळाली नाही. खडा अर्जाला जोडला होता. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी तो बोटांत धरून उजेडात पाहिला.

"बाई, हा तांदूळ तुम्ही निवडला होता?"

"निवडला होता."

"मग हा दिसला नाही?"

दिसत नाही म्हणावं तर स्वयंपाकीण म्हणून काय उरलं, आणि दिसतं म्हणावं तर मुद्दाम घातल्यासारखं होत होतं. भटजी त्याच दुपारी सुटले.

"आता पुन्हा धरा त्यांना," कचेरीच्या पायरीवर त्या बळवंतरावांना म्हणाल्या.

"या रकमेसाठी नाही धरता येत. एकदा सुटला की सुटला."

"आणि निकाल?"

"निकाल कायम आहे! निकालाला कुणी हात लावलेला नाही. पुढचे हप्ते थकू द्या वर्षभराचे, मग त्यांच्यासाठी नवा अर्ज करू."

"थकतील ना?"

"त्याची काळजीच नको," बळवंतराव म्हणाले. त्यांच्या सगळ्या आश्वासनांत हे एक खरं होतं.

भटजी आपल्या पन्नास घरांतून पुन्हा फिरू लागले. आता सत्यनारायणाच्या पाच अध्यायांनंतर ते यजमानांना सहावाही सांगत, त्यात बायकोने खडे घालून भात खाऊ घातल्याची हकीकत असे. प्रसाद घेता घेता बायका ऐकत. महिना झाला नाही तोच ती हकीकत इंदरगंजात इंदुताईंच्या नणंदेच्या तोंडून पोचली.

तिसऱ्या दिवशी इंदुताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"दुर्गाबाई, उद्यापासून एक नवी बाई येणार आहे चुलीपाशी. तुम्ही आपली भाजी तेवढी चिरत जा. जेवण आहेच."

"आणि खोली?"

"आत्ता राहा की. ती बाई कुठे झोपते ते बघू, मग ठरवू. पगाराचं मात्र दोन रुपयांवर आणावं लागेल हो, दोघींना कसं जमायचं?"

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी विळी पुढे ओढली आणि भोपळा कुठे ठेवलाय ते विचारलं. तो त्यांच्यासमोरच होता.