ती शेवटची कधी आली होती?

आमच्या ह्यूस्टनजवळच्या कॉलेजात फायनान्शियल एडच्या ऑफिसात नागपूरच्या एक बाई आहेत. कुणी मधेच कॉलेज सोडलं की मला त्यांचा फोन येतो, "सर, शेवटचं कधी आली होती?" का सोडलं, हे त्या कधीच विचारत नाहीत.

परवा एक मुलगी न सांगताच गेली. अशा वेळी नियमाने अर्धंच सेमिस्टर केलं असं धरतात, म्हणजे शिक्षणासाठी मिळालेल्या सरकारी मदतीतले अर्धे पैसे परत करायचे. बाई भर उन्हात माझ्या लॅबमध्ये आल्या आणि सह्यांचं रजिस्टर पान-पान चाळलं. अकराव्या आठवड्यात तिची सही निघाली. साठ टक्क्यांहून जास्त सेमिस्टर भरलं की मदत पूर्ण तिची.

"पाहा, आली होती ना जी पोरगी!"

वीस वर्षं मी हजेरी घेतोय. कुणाचं नाव इतक्या अभिमानाने कधी पुकारलं नाही.