तिसरं कारण

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कपाटावर ज्या ढाली मांडल्यात, त्यांतल्या निम्म्या मी तयार केलेल्या मुलांनी आणल्या आहेत. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं घडवणं हे माझं काम. मराठी असो की कन्नड, धारवाडात दोन्ही लागतात. हात कुठे ठेवायचा, कुठे थांबायचं, परीक्षकांकडे कधी बघायचं हे इतकी वर्षं शिकवत आलो, की मला त्याचा माज चढला होता. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी आमचा घटस्फोट झाल्यातच जमा होता. प्रश्न उरला होता तो मुलीचा. ती नऊ वर्षांची. बायको हुबळीला, कमरीपेठेत भावाकडे राहायला गेली होती आणि मुलगी शाळेसाठी धारवाडला माझ्याजवळ होती. ती माझ्याकडेच राहावी एवढंच मला हवं होतं. बाकी कशावरूनही मी भांडलो नाही. वकील म्हणाले, "सर, न्यायाधीश मॅडम पोरीला एकटीला आत बोलावून विचारतील. तुम्ही काही करू नका बघा. नेहमीसारखी येऊ दे तिला."

काही करू नका! मास्तराला असं सांगून उपयोग असतो का?

त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. घरी आम्ही मराठी बोलतो, गल्लीत मुलगी धारवाडी कन्नड बोलते. मी लिहून काढलं ते पुस्तकातलं, स्वच्छ कन्नड. 'मला अप्पांजवळ राहायचं आहे. याची कारणं तीन.' पहिलं कारण शाळा, दुसरं मैत्रिणी. तिसरं काय घालावं याचा विचार करत होतो, तर तीच म्हणाली, "अप्पा, हे घाला. मी सुट्टीत आईकडं गेले होते ना, तेव्हा तुम्ही गॅसच पेटवला नव्हता. नुसता ब्रेड खात होता. मी नसले की तुम्ही जेवत नाही."

मला हसू आलं. "असलं कोर्टात सांगतात होय ग?" म्हणून मी ते बाजूला सारलं आणि तिथं घरातल्या अभ्यासाच्या वातावरणावर दोन भारदस्त वाक्यं घातली. आठ दिवस तिची तालीम घेतली. एकदाही अडखळली नाही. सुभाष रोडवरून नवी रिबीन आणली.

कोर्टात बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला मी. मुलगी आत गेली आणि माझ्या अंदाजापेक्षा फार लवकर बाहेर आली. चेहरा फुललेला. तिनंच मला सगळं सांगितलं. मॅडमनी जवळ बसवून विचारलं होतं, "ऊटा आतेनवा?" जेवलीस का ग, इतकंच. त्यावर ही खुर्चीतून उठली, दोन पावलं मागं सरली, हात जोडले आणि 'वंदनीय न्यायाधीश महोदया' म्हणून सुरू झाली. दुसरं कारण संपलं तेव्हा मॅडमनी हात वर केला आणि विचारलं, हे कुणी शिकवलं?

"मी सांगितलं, अप्पांनी! ते सगळ्यांनाच शिकवतात."

मी तिला जवळ घेऊन 'शाब्बास' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मुलीला पढवून आणलेलं दिसतं, तिचं स्वतःचं म्हणणं कळायला मार्ग नाही, असं निकालात आलं. मुलगी आईकडे. मला रविवार, दहा ते पाच. "सर, स्वतःच्या हातानं धोंडा मारून घेतला की हो पायावर," वकील म्हणाले. ते अपिलाचं बोलत राहिले, मी मान हलवत राहिलो. मला फार लाज वाटत होती. जी गोष्ट मला सगळ्यात चांगली येते, तिनंच माझा घात केला होता आणि राग काढायला समोर कुणीसुद्धा नव्हतं.

आता रविवारी मी तिला धारवाडला आणतो, वरण-भात करतो, तिच्यासमोर बसून जेवतो. परवा तिला परत सोडायला हुबळीच्या बसमध्ये बसलो होतो.  ती म्हणाली, "अप्पा, मॅडमनी मध्येच थांबवलं म्हणून आपण हरलो ना?"

"नाही ग. तू छान बोललीस."

"तिसरं राहिलं ना पण. ते तुम्ही लिहिलेलं अभ्यासाचं मी सांगणारच नव्हते. माझंच सांगणार होते. तुम्ही जेवत नाही ते." तिनं विचारलं, "तुम्ही रागावला असता का?"

आम्ही बसमधून उतरलो आणि कमरीपेठेत तिच्या मामाच्या दारापर्यंत चालत गेलो. पाचाला दहा मिनिटं कमी होती. तिनं बेल वाजवली.