नऊ नंबरच्या बाईंची मुलाखत

आमच्या इस्पितळात कुठल्याही फोनवरून नऊ फिरवलं की बाई बोलायच्या. "बोला." एवढंच. नमस्कार नाही, हॅलो नाही. पण पलीकडच्याला वाटावं, ही बाई सकाळपासून माझ्याच फोनसाठी खोळंबून बसली आहे. म्हणून सगळे त्यांना नऊ नंबर म्हणत. तोंडावर 'नऊ नंबरच्या बाई', माघारी नुसतं 'नऊ नंबर'. तोंडावर म्हणजे तरी काय, फोनच्या तोंडावर. बाईंचा चेहरा फारसा कोणी पाहिलाच नव्हता.

तुम्हाला वाटेल म्हातारा तिखटमीठ लावतोय. पण मी तिथे एकतीस वर्षं शिपाई होतो. इकडची फाईल तिकडे करता करता इस्पितळाचा कानाकोपरा माझ्या पायाखालून गेला. बाईंची खोली मोठ्या जिन्याखाली होती. खिडकी नाही. आत एक लाकडी बोर्ड, त्याला दीडशे भोकं, प्रत्येक भोकाशेजारी इवलासा दिवा, आणि पुढ्यात दोऱ्यांचा गुंता. दिवा लागला की दोरीची पिन त्या भोकात खोचायची, "बोला" म्हणायचं, मग ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या भोकात दुसरी पिन खोचायची आणि आपण बाजूला व्हायचं. बावीस वर्षं हेच. हेडफोनच्या पट्टीनं त्यांच्या केसांत आडवी खाच पडली होती, ती सुट्टीच्या दिवशीही जात नसे. जिन्यावरून कोण चाललंय ते नुसत्या पायांच्या आवाजावरून ओळखायच्या. मी चहा घेऊन गेलो की म्हणायच्या, "काका, दातांचे डॉक्टर आज लंगडतायत. नवे बूट घेतले वाटतं." बघितलं तर खरंच नवे बूट!

एकदा मोठ्या डॉक्टरांचा चष्मा हरवला. मोठे डॉक्टर म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. त्यांनी नऊ फिरवलं आणि गरजले, "माझा चष्मा कुठाय?" आता हा काय टेलिफोनवालीला विचारायचा प्रश्न झाला? पण बाईंनी वॉर्डात विचारलं, ऑपरेशनच्या खोलीत विचारलं, गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, आणि दोन मिनिटांत साहेबांना उलट फोन केला. "सर, तिन्हीकडे नाही. डोक्यावर बघा." डोक्यावरच होता. त्या दिवसापासून साहेबांचं पान बाईंवाचून हलेना.

आणि हेच साहेब, बरं का, एकदा लिफ्टमध्ये बाईंच्या शेजारी उभे. लिफ्टमध्ये आम्ही तिघंच. साहेब बाईंकडे वळून म्हणाले, "कोणाला भेटायचंय तुम्हाला? भेटीची वेळ संपली." पंधरा वर्षं रोज दहादा बोलणारा माणूस! मी तोंड उघडणार, तोच बाईंनी डोळ्यांनी दटावलं. त्या मान खाली घालून पुढच्या मजल्यावर उतरल्या आणि जिन्यानं खाली गेल्या. मी मागून गेलो. म्हटलं, "अहो, सांगायचं तरी!"

"तोंड उघडलं असतं तर आवाजावरून ओळखलं असतं. मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं असतं."

मी हसत सुटलो. त्याही हसल्या, पण जरा उशिरानं.

बाईंच्या घरी आई होती तोवर तिची दुखणी काढण्यात दिवस जायचे. लग्न राहून गेलं ते गेलंच. आई गेल्यावर एक खोली आणि दोन खुर्च्या राहिल्या. त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे बसायचे. घरात फोन होता. बहीण लांब राहायची, तिचा रविवारी यायचा, तोही सगळ्यांची ख्यालीखुशाली एका दमात सांगून झाली की बंद. एरवी तो वाजत नसे. बाई मधूनच रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायला. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. काही गोष्टी माणूस हसतच सांगतो.

तर अशातच इस्पितळात आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. बोर्ड निघणार, जिन्याखालच्या खोलीत झाडू-बादल्या राहणार. आणि बाईंना पाठवणार तळघरात, जुन्या केसपेपरांच्या खोलीत. ती खोली मी जाणून आहे. छतापर्यंत रॅक, पिवळे पडलेले गठ्ठे, एक ट्यूबलाइट, आणि दिवसभरात एखादी चिठ्ठी घेऊन येणारा एखादा माणूस.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. मुख्य दारासमोरच्या हॉलमध्ये चौकशीची खिडकी होणार, तिथं एक माणूस हवंय. पदवी पाहिजे, कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र पाहिजे. इथले कर्मचारीही अर्ज करू शकतात. बाईंनी ती नोटीस तीनदा वाचली आणि मला म्हणाल्या, "काका, मी दहावी. कॉम्प्युटर मी फक्त लांबून पुसलाय. अर्ज केला तर हसतील का?"

"हसू देत. तुम्हाला काय दिसणार आहे? फोनवर हसणं दिसतं थोडंच?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं माणसं नुसती ऐकली. आता दोन-चार वर्षं राहिलीत, तर बघायची आहेत. खिडकीपाशी माणसं येतात, काका. तोंड घेऊन येतात."

अर्ज गेला.

मुलाखतीला सात जण. मी दाराशी स्टुलावर, हातात यादी. सहा जणांच्या मांडीवर जाडजूड फायली. बाईंकडे एक खाकी पाकीट, त्यात शाळेचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका. शेजारी बसलेल्या एका मुलीनं, तिशीही नसेल तिची, मान तिरकी करून विचारलं, "तुमच्या मुलीची मुलाखत आहे का?" बाईंनी नुसती मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. मग उठून माझ्यापाशी आल्या आणि कुजबुजल्या, "काका, माझं नाव पुकारूच नका. मी जाते. या सगळ्या शिकलेल्या, मी आपली उगीच मध्ये लुडबुडतेय."

"यादी साहेबांनी सही करून दिलीय. मी कोण नाव गाळणारा? बसा."

बसल्या. पुढे काय झालं ऐका. पाचवं नाव मी पुकारलं. कोणी उठेना. पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाईही इकडेतिकडे बघतायत, कोण ही बया, येत का नाही म्हणून! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते नाव बाईंचंच होतं. बावीस वर्षांत ना मी त्यांना त्या नावानं हाक मारली होती, ना दुसऱ्या कोणी. मी म्हटलं, "नऊ नंबर!" आणि बाई ताडकन उभ्या राहिल्या.

दार मी लोटलं, पण पुरतं लावलं नाही. शिपायाला तेवढी सवलत असते.

आत तिघं. मोठे डॉक्टर, कचेरीचे हेडक्लार्क, आणि मुलाखतीसाठी बाहेरून आलेल्या एक मॅडम. पहिला प्रश्न साहेबांचा. "समजा, एक नातेवाईक धावत आलाय, पेशंटला रक्त हवंय म्हणतोय. तुम्ही काय सांगाल त्याला?"

आणि बाई म्हणाल्या, "होल्ड करा सर, जोडून देते."

म्हणाल्या त्या म्हणाल्या, वर टेबलावरचं पेन उचलून समोरच्या पेनस्टँडच्या भोकात खोचलंही! हेडक्लार्कला ठसका लागला. साहेब मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत पुढे सरकले होते.

"तुम्ही... आपण भेटलोय का?"

"रोज, सर."

साहेबांचा चेहरा मला दारातून अर्धाच दिसत होता, पण तो अर्धाही पुरे होता. लिफ्ट आठवली असणार. त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही, आणि तिथंच खरं वाकडं झालं. सगळे प्रश्न मॅडमच्या हाती गेले. या विभागाचे नियम काय? "ते जुन्या ओपीडीतल्या सिस्टरना पाठ आहेत." अमुक तपासणीला किती दिवस लागतात? "लॅबमध्ये सकाळपाळीचे टेक्निशियन आहेत ना, त्यांना विचारायचं. दुपारपाळीचे चुकीचं सांगतात." कॉम्प्युटरवर खाटा कशा शोधाल? "मला येत नाही. पण कुठली खाट रिकामी आहे ते वॉर्डातल्या आयाबाईंना आधी कळतं."

मॅडम वैतागल्या. "तुम्ही प्रत्येक प्रश्न दुसऱ्याकडे पाठवताय. तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे?"

बाईंनी खोचलेलं पेन काढून परत टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "काही नाही, मॅडम. कोणाला माहीत आहे तेवढं माहीत आहे."

गुन्हा कबूल करावा तशा म्हणाल्या हो. बाहेर आल्या तेव्हा ते खाकी पाकीट तसंच होतं. कोणी उघडायलाही सांगितलं नव्हतं.

खिडकी मिळाली त्या तिरक्या मानेच्या मुलीला. वाईट नव्हती पोरगी. पदवीधर, कॉम्प्युटरवर बोटं अशी चालायची की बघत राहावं. आणि बाई गेल्या तळघरात.

पहिले काही दिवस मी मुद्दाम वाट वाकडी करून खाली जात असे. एकदा गठ्ठ्यांमागून आवाज आला, "बोला." मी दचकलो. आत दुसरं कोणी नव्हतं. बाई एक केसपेपर हातात धरून त्याच्याशीच बोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "घसा बसेल म्हणून जरा वापरते." टेबलावर एक फोन होता, धूळ पुसलेला. त्याचा नंबर माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हता.

मग एका सकाळी खिडकीपाशी एक म्हातारेबुवा आले. गुंगी द्यायच्या आधी कोणीतरी त्यांची कवळी काढून ठेवली होती, त्याला आता तीन आठवडे झाले होते. ती त्यांना परत हवी होती. आता कवळी कॉम्प्युटरमध्ये कुठली सापडायला! पोरगी रडकुंडीला आली. मला म्हणाली, "काका, हे कोणाला विचारू?"

मी तळघराचा नंबर सांगितला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. बाईंना वाटलं असणार, चुकून आलाय. आठव्या घंटीला उचलला.

"बोला."

पाच मिनिटांत कवळी आली. बुवांनी ती तिथंच बसवून पोरीला हसून दाखवलं.

तेव्हापासून पोरगी दिवसातून वीसदा खाली फोन करायची. "मावशी, हे कोणाला माहीत असेल?" आणि मावशी सांगायच्या. हळूहळू मावशींनीही विचारायला सुरुवात केली. मी खिडकीशेजारीच उभा असायचो, पोरीचं बोलणं कानावर पडायचं. "एक्स-रेवाल्या बाई? उंच आहेत, मावशी. चालताना पदर सावरतात." "दातांचे डॉक्टर? टक्कल आहे की त्यांना!" यावर खालून काहीतरी मोठ्यानं आलं, पोरगी खो खो हसली आणि मला म्हणाली, "मावशी म्हणतायत, शक्यच नाही, आवाजावरून चांगले दाट केस आहेत."

मी कितीदा बाईंना म्हटलं, वर या की एकदा, समोरून बघा. म्हणायच्या, "काम काय सांगू तिथं जाऊन? आणि जिथं नापास झाले तिथंच जाऊन उभी राहू?" येता-जाता त्या मागच्या दारानंच जायच्या. पोरीला खिडकी सोडता यायची नाही. असे पाच महिने गेले.

मग तळघरात ओल आली आणि फोनची लाइन गेली. मी त्या आठवड्यात रजेवर, नातवाला ताप होता. दोन दिवस खाली घंटी नाही. वायर खराब झाली हे बाईंच्या डोक्यात आलंच नाही. घरी रिसीव्हर उचलून लाइन बघणारी बाई, पण इथे तेवढा धीर झाला नाही. पोरगी आता सगळं शिकली, आता आपली गरज उरली नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो तर हॉलमध्ये रांग, आणि रांगेत सातव्या नंबरला बाई. डोक्यावरची खाच नीट विंचरलेली. मी हाक मारणार होतो, पण त्यांनी तेच लिफ्टमधले डोळे केले.  रांग सरकत गेली. बाई एकेका माणसाचं तोंड बघत होत्या, अगदी सावकाश. खिडकीपाशी पोचल्या.

पोरीनं मान वर केली. मुलाखतीला शेजारी बसलेली बाई तिला कुठली आठवायला! पांढरे केस, हातात पिशवी, एवढंच तिला दिसलं. गोड आवाजात म्हणाली, "बोला आजी. कोणाला भेटायचंय?"

मला वाटलं, झालं. आता मान खाली घालतील आणि जिन्यानं खाली जातील. पोरगी ओशाळू नये म्हणून. बाईंनी मान घातलीही खाली. मागच्या माणसानं कोपर टेकवलं, "आजी, सरका पुढे." तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"तुलाच," त्या म्हणाल्या.

पोरीचं पेन हातातून पडलं. एक शब्द ऐकला होता तिनं, एकच. खुर्ची मागे सारून बाजूच्या दारानं बाहेर आली आणि बाईंचे दोन्ही खांदे धरून त्यांच्याकडे बघत राहिली, जवळून, लांबून, पुन्हा जवळून. "मावशी, तुम्ही अशा आहात होय! दोन दिवस फोन का उचलत नव्हता?" 

मागचा माणूस ओरडला, "अहो, खिडकी बंद झाली की काय?"

मी रांगेपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "पाच मिनिटं. होल्ड करा."