मिठातली मेथी

आमच्या घरात आजवर कुणी अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही. बाबा दिल्लीत एका सरकारी कार्यालयात शिपाई आहेत. इतरांनी लिहिलेल्या फायली ते या टेबलावरून त्या टेबलावर नेतात. त्यामुळे हे लिहिताना मला संकोच वाटतो. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला नोएडातला एक लोणच्याचा कारखाना मिळाला होता. तिथल्या कचऱ्याचं खत करून दाखवायचं होतं. लिंबाची सालं, गाजराचे शेंडे, मिठाच्या पाण्यात मुरून खराब झालेल्या कैरीच्या फोडी, सगळं मी एकाच ढिगात घातलं. वर सुका पाला आणि शेणकाला. ढीग छान तापला, काळा झाला, मातीसारखा वास येऊ लागला. माझ्या अंगाला मात्र लोणच्याचाच वास. मेट्रोत शेजारचे उठून जायचे, मला सरोजिनी नगरला घरी पोचेपर्यंत ऐसपैस जागा. आई म्हणायची, "एवढं शिकलास आणि उकिरडा उपसतोस." पण शेजारणींना तीच कौतुकाने माझा प्रकल्प समजावून सांगायची, निम्मा चुकीचा.

खत तयार झालं की त्यात मेथी पेरून बघतात. मी पेरली. आठवडा झाला, एक दाणा उगवला नाही. मी बियाणं बदललं, पुन्हा तेच. मॅनेजर साहेब म्हणाले की जागा अडते आहे, आणखी एक ढीग करून बघ, त्यातही काही उगवलं नाही तर सगळं कचऱ्याच्या ट्रकमध्ये भरून देऊ. म्हणजे माझा प्रकल्पही ट्रकमध्येच.

कैऱ्या निवडणाऱ्या एक चाची होत्या, बिहारच्या. मला दुपारी डबा न उघडता बसलेलं पाहून त्यांनी कारण विचारलं. मी कार्बन, नायट्रोजन, ओलावा असं बरंच सांगितलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटा, अचार सड़ता क्यों नहीं?"

"नमक की वजह से."

"तो उसी नमक में मेथी क्या खाक उगेगी?"

आजूबाजूच्या बायका इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. मिठाचं पुस्तकात होतं, मी त्याखाली रेघसुद्धा मारली होती. पण कचरा म्हणजे कचरा, असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या ढिगात खारट फोडींना मज्जाव. सालं आणि शेंडे चाची स्वतः वेगळे काढून ठेवत आणि मला "डॉक्टर साहब" म्हणून चिडवत. अडीच महिन्यांनी खत तयार झालं. कारखान्यातली कबुतरं बी टिकू देत नाहीत, म्हणून या वेळी मेथी कुंडीत पेरून ती घरच्या बाल्कनीत ठेवली. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली होती. गुरुवारी सकाळी मी निघालो तेव्हा कुंडीत नुसती काळी माती होती.

शुक्रवारी मी मुनिरकाला मित्राच्या खोलीवर प्रकल्पाचा अहवाल लिहायला बसलो होतो. निष्कर्षाची जागा कोरी होती. तेवढ्यात आईचा फोन आला. आधी तिने जेवलास का विचारलं, मग पाणी किती वाजता येणार ते सांगितलं, आणि मग म्हणाली, "अरे हो, तुझी मेथी आलीय. कुंडीभर. बाबा ऑफिसला जाताना दोनदा परत येऊन बघून गेले."