छातीत दुखता

खैरुन्निसाला मोबाईलची भीती वाटत नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ज्याने त्याने त्या भीतीचंच कारण दिलं.

विजयदुर्गात बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर तिचं बांगड्या, सुयादोरे, बटणं नि लेस विकायचं दुकान होतं. नवरा अस्लम बोटीवर खलाशी होता. तो वारल्यावर तिने हे दुकान काढलं आणि दुकानाच्या जिवावर दोन मुलगे वाढवले. थोरला अतहर कुवेतला नोकरीला लागला. धाकटा शाहनवाज मासळीचा टेम्पो चालवायचा, तो तिच्याजवळ राहायचा. सत्तरीला टेकली तरी दुकानात बसायची तीच. कुवेतला व्हिडिओ कॉल लावणं, नव्या बांगड्यांचे फोटो मागवणं, रत्नागिरीच्या बहिणीला बोलून निरोप पाठवणं, सगळं तिचं तिला यायचं. जीभही तिखट. भावात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही सुनवायची की ते हसत हसत पैसे टाकून जायचं.

दुखण्याखुपण्यासाठी मात्र तिची एकच जागा होती, देवगडच्या बाईडॉक्टर. एसटीने जायचं, दुपारपर्यंत परत. त्या बाई आधी दार लावून घ्यायच्या, बरोबर आलेल्या पुरुषमाणसाला बाहेर बाकावर बसवायच्या, पडदा ओढायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, आता बोला." अंगावरून जाण्यापासून मूळव्याधीपर्यंत खैरुन्निसाने आयुष्यातलं जे काही कुणाला सांगितलं, ते त्या पडद्याआड.

दोन हजार वीस साली, रमजान तोंडावर आलेला असताना, न्हाताना तिच्या बोटांना डाव्या थानात एक गाठ लागली. करवंदाएवढी, टणक. दुखत काही नव्हती. एरवी दुसऱ्या दिवशी तिने एसटी पकडली असती. पण टाळेबंदी लागलेली, गाड्या बंद. देवगडचा दवाखानाही बंद होता. बाईडॉक्टरांचं स्वतःचंच वय झालेलं, त्या मुलाकडे पुण्याला निघून गेल्या होत्या. दवाखान्यातला फोन नुसता वाजत राहायचा.

घरात ती आणि शाहनवाज दोघंच. सून सायमा पहिल्या बाळंतपणासाठी राजापूरला माहेरी गेली आणि जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्यावर तिकडेच अडकली. तिला फोनवर सांगावं असं खैरुन्निसाच्या मनात येऊन गेलं. पण भरल्या पोटाच्या पोरीला घोर कशाला लावायचा, म्हणून ती गप्प राहिली.

वाडीतली सीता, आरोग्यखात्याची आशाताई, फाटकापर्यंत यायची. तोंडावर मास्क, हातात ताप बघायचं यंत्र.

"चाची, ताप? खोकलो? वास येता मा?"

समोरच्या पडवीत पुरुष बसलेले. खैरुन्निसा हळूच म्हणाली, "सीता, वायच आत ये गो."

"आत येवची परवानगी नाय, चाची. हयसूनच सांगा काय तां."

"काय नाय. बरी आसंय मी."

सीता पुढच्या घराकडे गेली. ताप नाही, खोकला नाही. त्या दिवसांत माणूस बरं असायला तेवढं पुरे होतं.

पुढे तिचा हात जड झाला. वरच्या फळीवरचा डबा काढताना ती कळवळली, ते शाहनवाजने पाहिलं. खोदून खोदून विचारलं तरी सांगेना, म्हणून त्याने भावाला कळवलं. अतहरने तिकडूनच एक ॲप घेऊन दिलं. घरबसल्या डॉक्टर, फोनवर दिसणार, बोलणार.

खैरुन्निसाने पहिला प्रश्न विचारला, "बाईडॉक्टर आसा काय त्याच्यात?"

"आसतीत गो," शाहनवाज म्हणाला. "बघूया."

ॲप इंग्रजीत होतं आणि तिच्या जुन्या फोनवर चालेना. त्यामुळे शाहनवाजच्या फोनवर सगळी जुळवाजुळव झाली. पडद्यावर आला एक तरुण पुरुष. त्या वेळी तोच मोकळा होता.

"तू भायर जा," तिने मुलाला सांगितलं.

"मगे फोन कोण धरतलो? आणि तो काय विचारता तां तुका कळात?"

तो तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. त्याने फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला.

"बोला आजी, काय त्रास होतोय?"

खैरुन्निसाने पदर सारखा केला. मुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "छातीत दुखता."

तिच्या तोंडून एवढंच निघण्यासारखं होतं. बाईडॉक्टर असत्या तर त्यांनी या दोन शब्दांवरून ओळखलं असतं, निदान विचारलं तरी असतं, नेमकं कुठे, बाहेरून की आतून. तसं विचारलं तर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

"डाव्या बाजूला का?"

"हां. डाव्याच बाजूक," ती पटकन म्हणाली.

"हातात कळ येते?"

"येता."

"चढण चढताना दम लागतो?"

त्या वयात कुणाला लागत नाही? "वायच लागता," ती म्हणाली.

डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला. हृदयाचा त्रास असू शकतो, करोनाही असू शकतो, आजच ईसीजी काढा, स्वॅब द्या, असं त्याने सांगितलं. "घाबरू नका, आजी." आणि तो दिसेनासा झाला. पडद्यावर तारे उमटले, सेवा कशी वाटली म्हणून. शाहनवाजने घाईत पाचही तारे दाबले आणि टेम्पोची चावी घेतली.

ईसीजी चांगला निघाला. स्वॅब मात्र पॉझिटिव्ह आला. तिला ना ताप होता ना खोकला, पण भर बाजारातून गाडी आली आणि शेजारपाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तिला तीत चढवलं. विलगीकरणासाठी एक बंद वसतिगृह घेतलेलं होतं. तिथे नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं दारातून गोळ्या सरकवून जायची. त्यांतली बाई कोण, बाप्या कोण, तेही कळत नव्हतं. सांगायचं कुणाला?

घरी आली तेव्हा तिच्या दुकानावरून जाणाऱ्या बायका पलीकडच्या कडेने चालत होत्या. शाहनवाजने पुन्हा त्याच डॉक्टरला फोन लावूया म्हटलं, तेव्हा ती ओरडली, "त्या फोनान माका गाडयेत घातल्यान. परत माझ्यासमोर धरू नको!"

अतहर तिकडून भावाला म्हणाला, "जुनी माणसा रे. फोनावरच्या डॉक्टराक भियातत." फोन स्पीकरवर होता. खैरुन्निसाने ऐकलं आणि भाजी चिरत राहिली.

गणपती होऊन गेल्यावर वाट मोकळी झाली आणि सायमा लहान मुलगी घेऊन परत आली. आठवडाही झाला नसेल. कपडे धुताना सासूच्या पोलक्यावर तिला पिवळट, रक्ताळलेला डाग दिसला. ती तशीच ओल्या हातांनी आत आली. दाराला कडी घातली.

"अम्मी, ह्या काय? दाखवा माका."

खैरुन्निसाने हुक काढले. गाठ आता लिंबाहून मोठी होती आणि कातडी आत ओढली गेली होती. सायमाने ओले हात पुसले आणि गाठ चाचपून पाहिली.

"कोणाक सांगलात नाय?"

"सांगलंय तर," खैरुन्निसा म्हणाली. "छातीत दुखता म्हणान सांगलंय."

गोव्याला नेलं. तिथल्या बाई सर्जननी तपासून झाल्यावर सायमाला बाजूला घेतलं. आजार हाडांत उतरला होता. उन्हाळ्यातच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं त्यांनी सांगितलं. थान काढलं, इंजेक्शनं सुरू झाली, केस गेले. शाहनवाज खाटेशी उभा राहून रडला.

"माका सांगूचा होता, अम्मी. मी तुझो झील मा?"

"झील म्हणानच सांगाक नाय."

विमानं सुरू झाल्यावर अतहर आला. त्याला आपण केलेली धडपड वाया गेल्याचं दुःख होतं, रागही होता. "एवढो चांगलो डॉक्टर समोर होतो. तेका नीट सांगूचा, दाखवूचा होता."

"फोन तुझ्या भावाच्या हातात होतो," खैरुन्निसा म्हणाली. "त्याच्यासमोर पोलका काढू?"

कुवेतला परत जाईपर्यंत अतहरने तो विषय पुन्हा काढला नाही.

थोडी ताकद आल्यावर तिने दुकान उघडलं. डोक्याला घट्ट ओढणी बांधून बसायची. आता ती बांगड्या चढवता चढवता प्रत्येक बाईला विचारू लागली, "थानात गाठबीठ नाय मा? हात लावन बघतंस काय कधी?" मोठ्याने, वाटेवर ऐकू जाईल असं. काहीजणी लाजून पळायच्या. शेजारचे भाई, नमाजाला जाताना रोज सलाम करणारे वयस्क गृहस्थ, एकदा थांबले. "खैरूभाबी, बाजारात असली बोली बरी दिसत नाय."

"तुमच्या बायलेक बरी आसा काय तां विचारलात कधी?" तिने उलट विचारलं. भाईंनी त्यानंतर वाट बदलली.

तिच्या बोलण्याने घाबरून एकच जण पुढे आली, पाठच्या घरातली मुबश्शिरा. तिला खरंच गाठ लागली होती. सायमा तिला तपासायला घेऊन गेली. गाठ साधी निघाली, चरबीची. मुबश्शिरा पेढे घेऊन दुकानात आली, खैरुन्निसाचे हात डोळ्यांना लावून रडली. खैरुन्निसाने पेढा तोंडात टाकला, तिला दुवा दिली. ती गेल्यावर दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली.

"तिची साधी निघाली," ती सायमाला म्हणाली. "माझी कित्याक नाय?"

मग तिने पेढ्यांचा पुडा सायमाकडे सरकवला. "घेवन जा. माका नको." त्यानंतर मुबश्शिराशी ती पहिल्यासारखी बोलली नाही. का, ते मुबश्शिराला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात खैरुन्निसा गेली. शेवटी शेवटी हाडांच्या दुखण्याने तिला कूस बदलता येत नव्हती. मयतीला आलेले लोक पडवीत बसून म्हणत होते, करोनाने खूप माणसं नेली. सायमाने आतून ते ऐकलं. करोनाने तिच्या सासूला काहीच केलं नव्हतं.

दुकान आता सायमा चालवते. सासूसारखं आपणही बायकांना विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. एकदा एका म्हातारीचा हात हातात घेऊन तिने सुरुवातही केली. तेवढ्यात म्हातारीचा जावई फळीपाशी येऊन उभा राहिला, आणि सायमाने विचारलं, "चाची, तब्येत बरी आसा मा?"

म्हातारी म्हणाली, "बरी आसा."